केस राठ होतात, हे कुणी मोजलं?

‘पायाला रेझर नको लावूस हं. एकदा लावलास की संपलं. दाट येतील, राठ येतील, पुरुषांसारखे येतील.’

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तेरा वर्षांची होते. डोंबिवलीत टिळकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत आत्या सुट्टीला आली होती. गेल्या महिन्यात तेच वाक्य सकाळच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात ऐकलं. वरची कडी धरून उभ्या असलेल्या कॉलेजातल्या एका मुलीने हात चटकन खाली घेतला, कारण बाही आखूड होती आणि समोरच्या बाईंची नजर तिच्या काखेकडे गेली होती. ‘वॅक्स का नाही करत गं?’ बाईंनी विचारलं. ‘दुखतं हो काकू. घरी रेझरने करते मी.’ मग खिडकीपासून चौथ्या सीटपर्यंत सगळ्यांनी मिळून तिला समजावलं. एकीने आपलं पार्लर सांगितलं, दुसरीने घोडबंदर रोडवरच्या लेझरचं पॅकेज सांगितलं. ठाण्याला उतरेपर्यंत ती मुलगी मान खाली घालून होती. मी शेजारी उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. त्याची चुटपुट अजून गेलेली नाही, म्हणून आज लिहिते आहे.

आधी समोरचं म्हणणं जसं आहे तसं मांडते. अंगावरचे केस काढायचे तर ते पार्लरमध्ये, सराईत हाताने, मुळापासून काढावेत. वॅक्स केलं की महिनाभर बघायला नको. वर्षानुवर्षं केलं की केस आपोआप विरळ होतात, शिवाय टॅनही निघतो. ज्यांना परवडेल त्यांनी लेझर करावं, म्हणजे कायमची सुटका. घरी रेझर फिरवणं हा आळस आहे, चिक्कूपणा आहे. त्याने केस राठ होतात, कातडी काळी पडते आणि मुलीच्या जातीला ते शोभत नाही. ठाण्याच्या राम मारुती रोडपासून कल्याणच्या खडकपाड्यापर्यंत हे मत इतकं एकमुखी आहे की त्याला मत म्हणून कुणी ओळखतही नाही. आई ते मुलीला सांगते, नणंद भावजयीला सांगते, पार्लरवाल्या ताई गिऱ्हाइकाला सांगतात. माझ्या मते ते जवळपास सगळंच चूक आहे, आणि काही मुलींच्या बाबतीत तर ते घातक आहे.

सगळ्यांत जुन्या भीतीपासून सुरुवात करू. रेझरने केस दाट आणि राठ होतात, हे कुणी पाहिलं? कुणी मोजलं? मोजणाऱ्यांनी मोजलं आहे, आणि तेही जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढी केल्याने केसांच्या वाढीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास १९२८ साली प्रसिद्ध केला. केसांच्या जाडीवर आणि वाढीच्या वेगावर कसलाही परिणाम त्यांना आढळला नाही. १९७० साली लिनफील्ड आणि मॅकविल्यम्स या संशोधकांनी पाच तरुण पुरुषांचा एक पाय दर आठवड्याला रेझरने साफ केला, दुसरा तसाच ठेवला आणि कित्येक महिन्यांनी दोन्ही पायांच्या केसांची तुलना केली. केसांचं एकूण वजन, त्यांची जाडी, वाढीचा वेग, कशातही फरक निघाला नाही. पाचच माणसं होती, असं कुणी म्हणेल. मान्य. मग दुसऱ्या बाजूला किती आहेत? जे मत इतक्या ठामपणे पिढ्यान्‌पिढ्या मुलींच्या गळी उतरवलं जातं, त्याच्या मागे एखादं तरी मोजमाप नको का?

फरक पडत नाही याचं कारणही समजायला सोपं आहे. कातडीच्या वर दिसतो तो केस मृत असतो. त्याला नस नाही, रक्त नाही. तो किती जाड व्हायचा हे कातडीखालचं मूळ ठरवतं, आणि मुळाला ते अंगातली संप्रेरकं सांगतात. वर पातं फिरलं याची खबर खाली पोचतच नाही. मग हाताला खरखरीत का लागतं? केसाचं टोक निसर्गतः निमुळतं असतं, पातं ते सपाट कापतं. सपाट टोकाचा तोच केस बोटाला टोचतो आणि उजेडात गडद दिसतो. गवत कापल्यावर खुंट पायाला टोचतात, म्हणून गवत जाड झालं असं आपण म्हणत नाही.

या समजुतीची दुसरी बाजू आपल्याच घरात आहे. बाळाचं जावळ आपण कशासाठी काढतो? विधी म्हणून काढतो हे खरं, पण ‘आता दाट केस येतील’ हेही त्याच दमात म्हणतो. बाळाचे केस वयाबरोबर दाट होणारच असतात, श्रेय वस्तऱ्याला जातं. मुलीच्या पायावरचे केस तेराव्या-चौदाव्या वर्षी संप्रेरकांमुळे गडद होणारच असतात. नेमक्या त्याच वयात तिने पहिल्यांदा रेझर हातात घेतलेला असतो, आणि दोष रेझरला जातो. एकच गैरसमज बाळाच्या डोक्यावर आशीर्वाद ठरतो आणि मुलीच्या पायावर धाक.

आणि टाळेबंदीत काय झालं ते आठवून पाहा. मार्च २०२० मध्ये पार्लरं बंद झाली. राज्य सरकारने २८ जूनपासून सलून आणि पार्लर उघडायला मर्यादित परवानगी दिली. केस कापणं, रंगवणं, वॅक्सिंग, थ्रेडिंग चालेल, त्वचेचे इतर उपचार चालणार नाहीत, असं त्या आदेशात होतं. पण २ जुलैपासून ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा टाळेबंदी लागली. त्या महिन्यांत माझ्यासकट आमच्या ऑफिसच्या ग्रुपमधल्या कितीतरी जणींनी नवऱ्याचा किंवा भावाचा सोडून स्वतःचा असा पहिला रेझर विकत घेतला. सगळ्यांनी सांगून ठेवलेलं ते राठ, पुरुषी जंगल कुणाच्या पायावर उगवलं? आम्ही एकमेकींना विचारलं आहे. एकीच्याही नाही.

आता वॅक्सची आश्वासनं पाहू. ‘महिनाभर बघायला नको.’ वॅक्स पकडायला केस साधारण अर्धा सेंटिमीटर वाढलेला लागतो. ‘ग्रोथ कमी आहे, आठवड्याने या’ हे पार्लरला जाणाऱ्या प्रत्येकीने ऐकलेलं आहे. म्हणजे पुढच्या वेळी केस निघावेत म्हणून त्याआधी ते वाढवायचे. त्या दिवसांत पूर्ण बाह्या घालायच्या, लोकलमध्ये हात वर करायचा नाही, अचानक कुठे जायचं ठरलं की कारण काढायचं. शिवाय सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. प्रत्येक केसाचं वाढीचं, थांबण्याचं आणि गळण्याचं चक्र वेगळं असतं. आज जे कातडीखाली होते ते आठ-दहा दिवसांनी वर येतात. ज्या मुलीला केसांची लाज वाटते, तिला महिन्यातले निम्मे दिवस केसांसकट काढायला लावणाऱ्या पद्धतीला निश्चिंती कसं म्हणायचं?

‘टॅन निघतो.’ उन्हाने येणारा काळेपणा हे कातडीच्या जिवंत थरातलं रंगद्रव्य असतं. वॅक्सबरोबर निघतो तो वरचा मृत थर. दोन-चार दिवस हात उजळ दिसतो, टॅन होता तिथेच राहतो. ‘केस विरळ होतात.’ वर्षानुवर्षं उपटून काहींच्या काही मुळांना इजा होत असेल, पण त्या भरवशावर चौदाव्या वर्षापासून मुलीला दर महिन्याला खुर्चीत बसवावं असा हा लाभ नाही. हातापायांचे केस वयाबरोबर आपोआपही कमी होतात.

वेदनेबद्दल तर कुणी बोलतच नाही. पहिल्या वॅक्सला रडणाऱ्या मुलीला ‘सवय होईल’ असं सांगितलं जातं. कशाची सवय? दुखणं हीच पद्धत योग्य असल्याची खूण आहे, हे आपण कधी ठरवलं? तिच्या भावाला मिसरूड फुटली तेव्हा त्याला कुणी गरम वॅक्सपुढे बसवलं होतं का? त्याच्या हातात बाबांनी रेझर दिला आणि आरशासमोर उभं करून कसा फिरवायचा ते दाखवलं. तेच पातं बहिणीने पायाला लावलं की ते घाणेरडं कसं होतं? जिलेटने बायकांसाठी वेगळा म्हणून रेझर १९१५ सालीच बाजारात आणला होता. शंभर वर्षं उलटली, पण आपल्या न्हाणीघरातला रेझर अजून पुरुषांचाच समजला जातो.

माझं स्वतःचं सांगते. एका चुलत बहिणीच्या लग्नाआधी दोन दिवस मी हात, पाय, काखा सगळं करून घेतलं होतं. काखेत लावलेली काठी पुन्हा त्याच डब्यात बुडवली जात होती. माझ्याआधी ती किती जणींच्या काखेत फिरली होती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. हळदीच्या दिवशी दोन्ही काखांत पिवळी टोकं आलेले फोड होते. डॉक्टरांनी केसांच्या मुळांना जंतुसंसर्ग झाल्याचं सांगितलं. फोड आठवड्यात गेले, डाग पुढच्या दिवाळीपर्यंत होते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा हा स्वभाव आहे. तिला इजा झाली की ती जागा काळी पडते आणि तो काळेपणा महिनोन्‌महिने हटत नाही. त्यात हा खाडीकाठचा प्रदेश. जून ते ऑक्टोबर घामाने कपडे अंगाला चिकटलेले असतात. मुळं नुकतीच उघडी झालेली काख घेऊन आपण गर्दीच्या लोकलमध्ये शिरतो. फोड येतात, केस आत वळतात, पार्लरमध्ये त्याला ‘इनग्रोथ’ म्हणतात आणि त्यावर पुन्हा वॅक्स करतात.

रेझरने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. बारीक जखमा होतात, केस आतही वळू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचना सांगतात की शस्त्रक्रियेआधी शक्यतो केस काढूच नयेत, काढावेच लागले तर क्लिपरने काढावेत, वस्तऱ्याने नाही. पण ही सूचना नीट वाचली तर ती कुणाच्या बाजूने बोलते? कातडीला जितकी कमी इजा तितकं बरं, असं ती सांगते. या मोजपट्टीवर पहिला नंबर ट्रिमरचा, कारण तो केस कापतो आणि कातडीला जवळपास धक्का लावत नाही. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांना वारंवार फोड येतात, त्यांच्यासाठी आणि जांघेसारख्या नाजूक जागी तोच बरा. त्यानंतर ओल्या कातडीवर फिरलेला स्वच्छ रेझर. गरम चिकट पदार्थ लावून केस मुळासकट ओढून काढणं या यादीत फार खाली येतं.

‘सराईत हात’ हा शब्द मला विशेष खटकतो. सराईत हात आणि जाणता हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीची कातडी इतकी नाजूक होते की वॅक्सबरोबर ती सोलून निघू शकते. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावरही सहा महिने वॅक्स करू नये, असं सांगितलं जातं. अ‍ॅडापलीन किंवा ट्रेटिनॉइनचं मलम चेहऱ्याला लावणाऱ्यांनाही हाच धोका असतो. ‘कुठली गोळी, कुठलं क्रीम चालू आहे का?’ असं अपरलिपला वॅक्स लावण्याआधी तुम्हाला किती जणींनी विचारलं आहे? आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा चांगला अभ्यासक्रम आहे आणि तो मन लावून शिकलेल्या मुली मला माहीत आहेत. पण वॅक्स करणारीने तो शिकलाच पाहिजे असं बंधन कुठे आहे? गुमास्त्याची नोंद दुकानाची असते. हाताला काय येतं, हे ती सांगत नाही.

काळ्या काखांचं खापरही रेझरवर फुटतं. काख काळी होण्याची कारणं अनेक आहेत. घर्षण, घट्ट कपडे, डिओडरंटची अ‍ॅलर्जी, वारंवार वॅक्सने होणारी जळजळ, आणि हो, कोरड्या कातडीवर बोथट पातं घासणंसुद्धा. पण एक कारण असं आहे की ते ओळखलं नाही तर नुकसान काखेपुरतं राहत नाही. मानेच्या मागे, काखेत, जांघेत कातडी मखमलीसारखी जाड आणि काळी होते, तिला डॉक्टर अ‍ॅकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. बहुतेक वेळा ती शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नसल्याची खूण असते. म्हणजे पुढे येऊ शकणाऱ्या मधुमेहाची आगाऊ सूचना. आपण त्या मुलीला काय सांगतो? ‘मान घासून धुत जा’, ‘रेझर बंद कर’, ‘डी-टॅन करून घे’. रक्त तपासून घे, हे का सांगत नाही?

इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. घर की पार्लर, हा प्रश्नच चुकीच्या जागी रेघ ओढतो. पायावरचे, हातावरचे, काखेतले नेहमीचे केस म्हणजे नुसते केस. त्यांना घरचा रेझर पुरतो. पण काही केस हे लक्षण असतात, आणि त्यांना पार्लरही पुरत नाही. त्यांना डॉक्टर लागतो. आपलं प्रचलित मत करतं काय? जे घरी भागलं असतं ते पार्लरला नेतं, आणि जे दवाखान्यात न्यायला हवं तेही पार्लरलाच नेऊन दडपून टाकतं.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या हनुवटीवर, गालांच्या कडेला, छातीवर, बेंबीखाली जाड काळे केस येऊ लागतात. पाळी दोन-दोन महिने येत नाही, मुरुमं जात नाहीत, वजन वाढतं. आई तिला पार्लरमध्ये नेते. ‘चिन आणि साइडलॉक्स पण करून टाका.’ ताई करून टाकतात. दर पंधरा दिवसांनी करतात. कुणीतरी ‘हार्मोनल असेल’ असं म्हणतं आणि विषय तिथेच संपतो, जणू तो शब्द म्हणजेच उपचार. हे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे आपण बोलताना म्हणतो ते पीसीओएस असू शकतं. स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९३५ साली त्याचं वर्णन केलं. अंगावर कुठे किती केस आहेत ते पाहून गुण देण्याची पद्धत फेरिमन आणि गॉल्वे यांनी १९६१ साली दिली आणि तिचंच सुधारलेलं रूप आजही वापरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या दर दहा बायकांमागे साधारण एकीला पीसीओएस असतो, आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना तो आपल्याला आहे हे माहीतच नसतं. त्यांच्या हनुवटीवरचा केस ते सांगत होता. आपण तो दोऱ्याने काढून टाकला.

वर्षानुवर्षं हे चालतं. मग लग्नानंतर दिवस राहत नाहीत म्हणून ती बाई पहिल्यांदा डॉक्टरकडे जाते आणि तेव्हा सगळं कळतं. पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या, केसांवरची औषधं, साखरेची तपासणी, वजन आणि व्यायामाचा सल्ला, हे सगळं सतराव्या वर्षी मिळालं असतं. केस काही दिवसांत जात नाहीत, सहा-सहा महिने औषध घ्यावं लागतं, हेही खरं. पण तोपर्यंत ते केस काढायला घरचा छोटा ट्रिमर किंवा रेझर चालतो. हो, चेहऱ्यावरसुद्धा. वर सांगितलेला १९२८ चा अभ्यास दाढीचाच होता.

लेझरचं काय? कल्याणच्या स्कायवॉकपासून घोडबंदरच्या काचेच्या इमारतींपर्यंत जाहिरातींत एकच शब्द ठळक असतो: ‘कायमचं’. अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ साली मांडलेलं तत्त्व असं की विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश योग्य वेळापुरता टाकला तर तो हवं तेच लक्ष्य जाळतो, भोवतालचं सोडून देतो. केसांच्या बाबतीत लक्ष्य म्हणजे मुळातलं काळं रंगद्रव्य. पण तेच रंगद्रव्य आपल्या सावळ्या कातडीतही आहे. चुकीचा प्रकाश किंवा चुकीची तीव्रता वापरली की केसाआधी कातडी भाजते. गडद कातडीसाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर अधिक सुरक्षित मानतात, कारण तो प्रकाश वरच्या थरात कमी अडकतो आणि खोल जातो. आणि ‘कायमचं’ म्हणाल तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लेझरला मान्यता देताना ‘केसांत कायमस्वरूपी घट’ एवढंच म्हणू दिलं आहे, ‘कायमचं निर्मूलन’ नाही. घट म्हणजे घट. सहा-आठ सिटिंग, मध्ये चार ते आठ आठवड्यांचं अंतर, आणि पुढेही अधूनमधून एखादं सिटिंग. पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग होत नाही. चेहऱ्यावर, विशेषतः पीसीओएस असलेल्या सावळ्या मुलींच्या, कधी कधी उलटंच घडतं आणि लेझरने केस वाढतात.

मी लेझरच्या विरोधात नाही. ज्या मुलीच्या हनुवटीवर रोज खुंट येतात, जिच्या मांड्यांवर केस आत वळून गाठी होतात, तिला चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाकडचं लेझर खरा दिलासा देतं. माझा विरोध त्याच्या पॅकेजला आहे. ‘आज भरलंत तर काखा फुकट’ अशी भाषा उपचाराची असू शकते का? कुठलं यंत्र आहे, त्याची तरंगलांबी किती, डॉक्टर स्वतः खोलीत असणार की नाही, भाजलं तर कोण बघणार, हे प्रश्न विचारणाऱ्या मुलीला जिथे उत्तराऐवजी सवलतीचा आकडा मिळतो, तिथून तिने उठून यावं.

घरच्या इतर उपायांबद्दल फार बोलत नाही. केस काढण्याच्या क्रीममधलं थायोग्लायकोलेट केसातल्या केरॅटिनचे बंध तोडतं आणि कातडीतही केरॅटिनच असतं, म्हणून आधी हातावर लावून पाहावं आणि घड्याळ लावून धुवावं. ‘नैसर्गिक तेवढं चांगलं’ म्हणणाऱ्यांना एकच सांगते. सुश्रुतसंहितेत जखमेभोवतीचे केस घालवण्यासाठी शंखाचं चूर्ण आणि हरताळ यांचा लेप दिला आहे. हरताळ निसर्गातच सापडतो, आणि तो आर्सेनिकचा सल्फाइड आहे.

एक आक्षेप उरतो आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ‘तुम्ही असं लिहिलंत तर पार्लर चालवणाऱ्या बायकांनी खायचं काय?’ डोंबिवलीत तळमजल्याच्या पुढच्या खोलीत पडदा लावून पार्लर चालवणाऱ्या बायकांनी घरं उभी केली आहेत, मुलं इंजिनीयर केली आहेत. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून उतरणारी तरुणाई आदल्या दोन दिवसांत त्यांच्याकडूनच तयार होऊन आलेली असते. त्या रात्री अकरापर्यंत उभ्या असतात आणि त्यांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा फुगलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांच्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच विचारते, त्यांचं पोट एका खोट्या भीतीवर का चालावं? केस कापणं, नववधूची वेणी, मेंदी, भुवयांना आकार देणं, या कामांत त्यांचं खरं कौशल्य आहे, त्याला घरचा आरसा पर्याय नाही. वॅक्सही ज्या बाईला आवडतं, जिच्या कातडीला सोसतं, जी समजून उमजून जाते, तिने जरूर करावं. प्रत्येकीसाठी नवी काठी वापरणाऱ्या, औषधांची चौकशी करणाऱ्या ताईंना तिने चार पैसे जास्तही द्यावेत. पण ‘नाहीतर राठ येतील’ या धाकाने कुणीही जाऊ नये. नोकरी लागल्यापासून टाळेबंदीपर्यंत बारा वर्षं मी महिन्याला सरासरी आठशे रुपये असे दिले. ते एक लाख पंधरा हजार होतात. पैशांचं दुःख कमी आहे. ती सगळी वर्षं मी एका न तपासलेल्या वाक्यावर काढली, याचं जास्त आहे.

काही जणी म्हणतील, केस काढायचेच कशाला? बरोबर आहे. आरोग्यासाठी काढायची गरज नाही. ज्या मुलीला काढायचे नसतील तिच्याकडे डब्यात कुणी टक लावून पाहू नये, एवढीच माझी अपेक्षा. पण जिला काढायचे आहेत, तिला त्यातला सगळ्यांत साधा, स्वस्त आणि कमी इजेचा मार्ग आपण खोटं सांगून नाकारतो, त्यावर माझा राग आहे.

माझी भाची चौदा वर्षांची आहे, ठाण्यात नौपाड्यात राहते. मे महिन्यात तिने विचारलं तेव्हा मी तिला न्हाणीघरात नेऊन दाखवलं. आंघोळीच्या शेवटी, कातडी ओली आणि मऊ झाल्यावर. साबणाचा किंवा जेलचा फेस लावून. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने, हलक्या हाताने, दाब न देता. गुडघ्यावर आणि घोट्यावर सावकाश. फोड असेल तिथे नाही. झाल्यावर पाणी, मग साधं मॉइश्चरायझर. रेझर धुऊन, झटकून, न्हाणीघराबाहेर कोरड्या जागी ठेवायचा, कारण पावसाळ्यात आत तो वाळतच नाही. बोथट वाटला की फेकायचा. कुणाला द्यायचा नाही, आईलासुद्धा नाही. मग मी तिला विचारलं की पाळी वेळेवर येते का, हनुवटीवर किंवा पोटावर जाड केस दिसतात का. ती म्हणाली, ‘मावशी, हे मला अजून कुणीच विचारलं नव्हतं.’ तिचं सगळं ठीक आहे. तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचं नाही. ती गेली दीड वर्षं दर पंधरा दिवसांनी आईबरोबर हनुवटी करून येते आणि तिला चार महिने पाळी आलेली नाही. मी तिच्या आईला फोन केला, पार्लरच्या पुढच्या तारखेला पार्लरऐवजी स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ घ्यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, पण तोपर्यंत तिच्या हनुवटीचं काय?’

‘घरी रेझर फिरवू दे,’ मी म्हटलं. ‘राठ येणार नाहीत.’